टर्म भरण्याचा इतिहास, चिखलदऱ्यावरून पाहिलेला

1923 साली वऱ्हाडाला दोन गोष्टी एकदम मिळाल्या. 4 ऑगस्टला नागपूर विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज उघडलं. पुढं त्याचं नाव विदर्भ महाविद्यालय झालं, बोलताना नुसतं व्हीएमव्ही. त्याआधी वऱ्हाडातल्या पोराला कॉलेज पाहायचं तर एक तर नागपूर गाठावं लागे, नाही तर मुंबई-पुणे. नागपूरला हिस्लॉप 1883 पासून होतं, मॉरिस 1885 पासून. पण ही कॉलेजं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी पदवी घेतली ती मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून. म्हणजे आमच्या मुलखात शिकणाऱ्याची पहिली परीक्षा अंतराची असे. विषयांची परीक्षा त्यानंतर.

मी मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात सारी नोकरी काढली. नावनोंदणी, हजेरीपत्रकं, परीक्षा अर्ज, टी.सी., मायग्रेशन हे माझं टेबल. पोरं इथून बी.ए., बी.एस्सी. होऊन एम.ए., एम.एस्सी.ला खाली अमरावतीला जात आणि तिथं काही अडलं की कागद घेऊन पुन्हा माझ्याच टेबलापाशी येत. ‘सर, टर्म लागली नाही’, ‘सर, डिटेन केलं’, ‘सर, एटीकेटीत बसतो की नाही?’ या तीन वाक्यांत बहुतेक सगळं येई. विद्यापीठात विद्यार्थ्याचं स्थान कशानं टिकतं आणि कशानं जातं, हा प्रश्न मला पुस्तकातून कळला नाही, त्या टेबलावर कळला. नंतर मात्र मी त्याचा इतिहास शोधत गेलो, आणि तो मला या डोंगरातल्या पोरांच्या फार कामाचा वाटतो.

सुरुवात 1857 पासून करावी लागते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं त्या वर्षी लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली. विद्यापीठानं शिकवायचं नाही, फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची; शिकवायचं कॉलेजांनी. लंडननं पुढच्याच वर्षी, 1858 साली, कॉलेजात न जाताही परीक्षेला बसण्याची मुभा दिली. आपल्याकडच्या विद्यापीठांनी मात्र संलग्न कॉलेजात टर्म भरल्याशिवाय परीक्षा नाही हे धोरण धरून ठेवलं. ही रीत मूळची ऑक्सफर्ड-केंब्रिजची आणि बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या इन्सची. इन्समध्ये तर टर्म भरली असं धरायला ठरावीक वेळा तिथल्या भोजनगृहात जेवावं लागे. विद्यार्थ्यानं गुरूंच्या आणि सोबत्यांच्या सहवासात राहावं, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. आपल्याकडे येता येता त्याचं हजेरीपत्रक झालं.

परीक्षा त्या काळी किती कडक होत्या याचा एकच आकडा पुरे. मुंबई विद्यापीठाच्या 1859 च्या पहिल्या मॅट्रिकला 132 जण बसले आणि 22 पास झाले. त्या बाविसांत महादेव गोविंद रानडे होते. 1862 साली विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर झाले, त्यांतही रानडे होते. सोबत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांनी 1864 मध्ये एम.ए. केलं. इतक्या हुशार विद्यार्थ्याचं स्थानही एकदा डळमळलं होतं. एका निबंधात त्यांनी मराठी राज्याच्या तुलनेत इंग्रजी राज्याला कमी लेखलं म्हणून त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. अभ्यासात ते कुठंही कमी पडले नव्हते. स्थान काढून घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो तो नेहमी गुणांवरच बोट ठेवतो असं नाही, हे पहिल्या पिढीतच दिसून आलं.

त्याच रानड्यांनी 1894 मध्ये मुंबईच्या पदवीधरांपुढे हिंदू पदवीधरांच्या अकाली मृत्यूंवर निबंध वाचला. ऐन उमेदीत पदवीधर का मरतात, याचा त्यांनी हिशोब मांडला होता. परकी भाषेतून शिकायचं, एका विषयात गेलं की सगळे विषय पुन्हा द्यायचे, घरी गरिबी आणि खाण्यापिण्याची आबाळ, अशा ओझ्याखाली ती पिढी शिकत होती. राहिलेला विषय तेवढा पुन्हा द्यावा आणि पुढच्या वर्गात बसावं, ही सोय आज प्रत्येक विद्यार्थी गृहीत धरतो. ती मिळायला पुढची कित्येक दशकं आणि कित्येकांचे अर्ज-विनंत्या लागल्या. आपल्या नागपूर-अमरावतीकडे जुन्या वार्षिक पद्धतीत ‘विषयाला सूट’ मिळायची. सेमिस्टर आल्यावर तीच सोय ‘एटीकेटी’ या नावानं घरोघरी गेली. नियम सैल केल्यानं दर्जा घसरतो असं म्हणणाऱ्यांनी रानड्यांचा तो निबंध आठवावा. त्यात मेलेल्या माणसांचा हिशोब आहे.

या इतिहासातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, 1915 मध्ये तिथं एम.ए. झाले आणि 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. आजच्या भाषेत सांगायचं तर टर्म तुटली, गॅप पडला. नावच कमी झालं असतं. पण प्राध्यापक एडविन कॅनन यांनी शब्द टाकला आणि लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. बाबासाहेबांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, 1920 मध्ये परत गेले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. त्या प्रबंधालाही परीक्षकांनी आधी दुरुस्त्या सांगितल्या होत्या. त्या करून त्यांनी मुंबईहून तो पुन्हा पाठवला. जगातल्या एका अव्वल विद्यार्थ्याची पदवी मुदतवाढीच्या एका कागदावर उभी आहे. तो कागद देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आधीपासून होता. तो मागायचा कसा हे सांगणारा आणि त्यासाठी शब्द टाकणारा एक माणूस तेवढा लागला.

आमच्या वऱ्हाडात अशा माणसाचं काम पंजाबराव देशमुखांनी केलं. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा एडिंबरोला एम.ए. झाला, ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या विकासावर डॉक्टरेट घेऊन आला, बॅरिस्टर झाला. परतल्यावर त्यांनी अमरावतीत खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आधी वसतिगृह, मग संस्था, हा क्रम मला फार अर्थाचा वाटतो. पोरगा शहरात राहिलाच नाही तर हजेरी कुठून लागणार, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं.

1983 पर्यंत वऱ्हाडातल्या एम.ए.वाल्याचं विद्यापीठ नागपूरच. अचलपूर-परतवाड्याच्या विद्यार्थ्याला मार्कशीटमधली एक चूक दुरुस्त करायची तर शकुंतला गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं बडनेरा आणि नागपूर, म्हणजे दोन दिवस हातचे जात. आमच्या भागातले प्राथमिक शिक्षक म्हणूनच ‘एम.ए. बाहेरून’ करत: नोकरी सेमाडोहला नाही तर हरिसालला, पुस्तकं ट्रंकेत, आणि उन्हाळी परीक्षेला रजा काढून खाली. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ झालं. अमरावती, अकोला, बुलडाणा आणि यवतमाळ हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. वाशीम पुढं 1998 मध्ये वेगळा जिल्हा झाला. नंतर विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. शेंडगावात जन्मलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसानं आयुष्यभर सांगितलं की जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकराला शिकवा. त्या नावाच्या विद्यापीठात पोराचं स्थान कागदावाचून जावं, हे मला कधी सहन झालं नाही.

आता आजचे नियम सरळ सांगतो, कारण अजूनही कितीतरी पोरांना ते प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही. एम.ए., एम.एस्सी.ला 75 टक्के हजेरी लागते. अंतर्गत गुण आणि लेखी परीक्षा यांत पास व्हावं लागतं. काही विषय राहिले तरी ठरलेल्या मर्यादेत पुढच्या वर्षाची टर्म मिळते. मर्यादा ओलांडली की घरी बसून आधी राहिलेले विषय काढावे लागतात. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीलाही हजेरीची आणि पास होण्याची अट आहे. पदवी ठरावीक वर्षांच्या आत पुरी करावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पुरं केलेल्याला पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि 2021 पासूनच्या क्रेडिट बँकेत जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे नियम लागतात: किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, स्त्रिया आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन, पण एकूण दहापेक्षा जास्त नाही. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. कोर्सवर्कला 55 टक्के हवेत. सल्लागार समिती दर सहामाहीला प्रगती पाहते. काम समाधानकारक नसेल तर समितीनं कारणं लिहायची, सुधारणा सुचवायच्या, आणि तरीही झालं नाही तरच नोंदणी रद्द करण्याची शिफारस करायची. हा क्रम मला फार योग्य वाटतो. आधी सांगा, मग वेळ द्या, मग निर्णय घ्या. एम.ए.च्या पोराला मात्र हा क्रम मिळत नाही. त्याला कळतं ते बहुधा परीक्षा अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात, सूचना फलकावरच्या डिटेन यादीत, म्हणजे परीक्षेला बसू न दिलेल्यांच्या यादीत.

हे नियम मेळघाटात कसे लागतात ते जवळून दाखवतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे. जून लागला की धुकं उतरतं, पाऊस कोसळतो, आणि हतरूकडच्या गावांचे रस्ते नाल्यांच्या पुरानं बंद होतात. त्या भागातली एक कोरकू मुलगी आमच्याकडून बी.ए. होऊन अमरावतीला एम.ए. मराठीला गेली. घरात कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, अशा तीन भाषांतून आलेली. आणि आता मराठी साहित्याचा अभ्यास. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडला, तोवरची हजेरी गेली. पोळ्याला घरी गेली तर नाल्याला पूर, आठ-दहा दिवस तिकडेच. दुसऱ्या सेमिस्टरला होळी आली. कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण होळी. पाच दिवस गाव नाचतं, कामाला खाली गेलेली माणसं त्यासाठी परत येतात. तिचा बाप मला म्हणाला, ‘साहेब, होळीले पोरगी घरी नाही आली तं गावात तोंड कसं दाखवू?’ ती आली, पाच दिवस राहिली आणि परत गेली तेव्हा तिचं नाव डिटेन यादीत लागलेलं होतं.

ती माझ्याकडे आली तेव्हा परीक्षा अर्जाला चार दिवस उरले होते. हजेरीपत्रकावर 75 ला आठ टक्के कमी. ‘सर, आता पुढच्या वर्षी पाहू,’ असं म्हणून ती टी.सी. मागायला आली होती. मी टी.सी.चं रजिस्टर उघडलंच नाही. तिला समोर बसवलं आणि अर्ज लिहायला घेतला. हजेरीतली तूट माफ करण्याची तरतूद असते, पण ती कारणासकट आणि पुराव्यासकट मागावी लागते. पहिला कागद वसतिगृहाचा: प्रवेश कोणत्या तारखेला मिळाला. दुसरा ग्रामपंचायतीचा: रस्ता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होता. तिसरा तिच्या विभागातल्या एका बाईंचा: मुलीनं राहिलेले स्वाध्याय पुरे केले आहेत. चौथ्या कागदावर मी तारखांचा तक्ता काढला, गैरहजेरीचा प्रत्येक दिवस आणि त्यापुढं कारण. होळीच्या पाच दिवसांपुढं मी ‘आदिवासी समाजाचा मुख्य सण’ असं सरळ लिहिलं. ते लपवायचं काही कारण नव्हतं. अर्ज गेला, तूट माफ झाली, ती परीक्षेला बसली. दोन विषय राहिले, ते तिनं हिवाळी परीक्षेत काढले. आज ती आश्रमशाळेत शिकवते.

त्याच टेबलावरून परत गेलेली पोरंही माझ्या लक्षात आहेत. बरीचशी नापास झालेली नव्हती. कोणाची शिष्यवृत्ती अडकली म्हणून खोली सुटली, कोणाचा ऑनलाइन अर्ज रेंजअभावी राहिला, कोणी वडिलांसोबत हरभरा कापायला खाली गेला आणि सेमिस्टर सुरू झाल्याचं त्याला कळलंच नाही. एक वर्ष गेलं की गॅपचं शपथपत्र, दोन वर्षं गेली की पोरगं स्वतःच म्हणतं, आता काय शिकायचं. 2020 च्या टाळेबंदीत इथली पोरं ऑनलाइन परीक्षेसाठी टेकडीवर चढून मोबाईलला रेंज शोधत होती. शिकण्याची इच्छा याहून कशानं सिद्ध करायची?

मी नियमाच्या विरोधात नाही. हजेरीशिवाय वर्ग होत नाही, मुदतीशिवाय प्रबंध पुरा होत नाही आणि गुणांची अट नसेल तर पदवीला किंमत राहत नाही. परतवाड्याचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत एम.एस. करून आला. त्याच्याकडून ऐकलं की तिथल्या विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला साधारणपणे चारपैकी तीन ग्रेड सरासरी राखावी लागते. सरासरी खाली गेली की लगेच पत्र येतं, मार्गदर्शकाला भेटावं लागतं, सावरायला एक सत्र मिळतं, आणि तरीही सुधारणा नाही झाली तर नाव जातं. नियम आपल्यापेक्षा सैल नाही. फरक इतकाच की विद्यार्थ्याला आपण कुठं उभे आहोत हे वेळेत कळतं. आपल्याकडे सेमिस्टरच्या मध्यावर प्रत्येक पदव्युत्तर विभागानं 75 च्या खाली जाऊ लागलेल्या पोरांना एक छापील पत्र दिलं, तूट कशी भरायची ते त्यात लिहिलं, तर निम्म्या डिटेन याद्या लागणारच नाहीत असं मी माझ्या टेबलाच्या अनुभवावरून सांगतो. खर्च कागदाचा आहे.

दीडशेहून जास्त वर्षांचा हा इतिहास मला एक गोष्ट शिकवून गेला. विद्यार्थ्याचं स्थान ठरवणाऱ्या प्रत्येक नियमात सुटकेची एक तरतूद पहिल्यापासून असते: मुदतवाढ, माफी, सूट, पुनर्नोंदणी. ज्याला ती सांगणारा माणूस भेटला तो पुढं गेला. बाबासाहेबांना कॅनन भेटले. आमच्या हतरूच्या पोराला कॅनन कोण?

म्हणून विद्यापीठाला माझ्या तीन विनंत्या आहेत. पदव्युत्तर वसतिगृहाचे प्रवेश वर्ग सुरू होण्याआधी द्या. पुरानं रस्ता बंद असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला वैद्यकीय दाखल्याइतकाच ग्राह्य धरा. आणि धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात निदान दोन-तीन विषयांचं पदव्युत्तर केंद्र काढा. कॉलेजांच्या कार्यालयात बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की कोणी टी.सी. मागायला आलं तर आधी त्याला बसवा आणि कारण विचारा. आणि मेळघाटातल्या पोरा-पोरींनो, टर्म गेली असं कोणी सांगितलं तर ते तोंडी ऐकून गावाकडे निघू नका. ते लेखी मागा, नियम कोणता ते विचारा आणि अर्ज करा.